बाटली संपेपर्यंत

हेमाली एकोणीसची, तिला दुकानात देणार नाहीत.
हिराजीला मी सांगणार नाही.
म्हणून मीच गेले,
दिवाळ्याहून बेलापूरला, रिक्षाने,
बाजारातले हात साबणाने दोनदा धुऊन.

जाळीच्या आत माणूस, बाहेर रांग.
रांगेनं मला वाट करून दिली
मयताच्या घरी देतात तशी.
"थंड की साधी?"
"थंड. पीठ भिजवायचंय."
तो हसलाही नाही. म्हणाला,
"ताई, इथं कुणी काही विचारत नाही."
वर कोथिंबीर ठेवली मी पिशवीत,
तरी रिक्षात मांडीला ती गार लागत राहिली.

चार वर्षं आमच्या घरात बाटली म्हणजे
खोबरेल, फिनेल, आगळ.
हिराजी रविवारी पालिकेच्या शाळेत जातो,
पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसतो,
सगळ्यांसारखं आपलं नाव सांगतो
आणि येताना केळी आणतो.

पोरीच्या परीक्षेला हेच आहे, बिअरच्या पिठातला मासा.
"आई, हे घोळवायचं नाही, बुडवायचं."
सासूपासून घोळवत आलेली मी. बरं म्हटलं.

जिताडा दीड किलोचा होता.
गाडीतून आलेल्या बाईनं दोनदा दाबला,
कल्ले उचलून पाहिले, भाव ऐकला,
आणि रुमालाला बोटं पुसत गेली.
मग तो मी विकलाच नाही.

काटे मी काढले.
हेमालीनं तुकडे फडक्यानं टिपले,
न्हालेलं पोर टिपावं तसे.
ओलं राहिलं तर पीठ सुटतं म्हणे.
मैदा, मीठ, मिरी.
मूठभर तांदळाच्या पिठासाठी मी अडून बसले.
हळद नको म्हणाली;
ती पाठमोरी झाल्यावर लावली.

मग झाकण.
फस्स. एवढाच आवाज.

बाहेर ओट्यावर जाळं सांधणारी सुई थांबली.

"जास्त घोटायचं नाही, गुठळ्या राहू द्यायच्या,"
पोरगी स्वतःलाच सांगत होती.
पीठ फुगत होतं, बारीक बारीक फुटत होतं,
होडी लागल्यावर धक्क्याला फेस चिकटतो तसं.
सुई काही हलेना.
"बाबा, तेलात सगळी वाफ होऊन जाते," ती मोठ्यानं म्हणाली.
मग, खोटं जमत नाही तिला, हळूच:
"बरीचशी."

तुकडा कढईत आपल्यापासून लांब सोडायचा.
आधी तळाशी जातो,
मग एकदम हलका होऊन वर येतो,
अंगावर सोनेरी कवच घेऊन.
मी त्याच्यासाठी दोन तुकडे केव्हाच बाजूला काढले होते.
रवा, तिखट, आगळ. वेगळा तवा, वेगळी ताटली.

तो आत येऊन बसला.
दोन्ही ताटल्यांकडे पाहिलं, विचारलं काही नाही.
हेमालीनं आपला तुकडा मोडला: कुर्रर.
"काय आवाज आहे," म्हणाला,
आणि आपला रव्याचा चावत राहिला.

अर्धी बाटली उरली.
मोरीत ओतली तर वास रात्रभर वर येतो,
हे मला कुणी शिकवायला नको.
मग पुन्हा पीठ.
कांदे, मिरच्या, कुंडीतली ओव्याची पानं,
बटाटा, शेवटी शिळी चपातीसुद्धा बुडवली.
तांडेलांकडे ताटली, वरच्या भाडेकरूंकडे ताटली,
मथुराबायला माळ आहे, तिच्याकडे नाही.
पोरीच्या कपाळावर पीठ, माझ्या दंडावर दोन चटके,
कढईतलं तेल काळं झालं,
तेव्हा कुठे बाटली संपली.

हिराजी उठला.
बाटली गळ्याला धरून उचलली; हाताला सवय होती.
नळाखाली धरली, भरली, हलवली, ओतली.
परत भरली.
"जेट्टीवरच्या डब्यात टाकून येतो."

जेट्टी सात मिनिटांवर आहे.
मी कढई घासायला घेतली.
ती स्वच्छ झाल्यावर पुन्हा घासली.

बावीस मिनिटांनी चप्पल वाजली.
ओट्यावर बसला, जाळं मांडीवर ओढलं,
सुईत दोरा भरता भरता म्हणाला,
"मिरच्यांना मीठ कमी होतं."

मिरच्या मी मोजल्या नव्हत्या.