फुंका

यंत्र तालुक्याहून आलं थर्माकोलच्या खोक्यात,
सोबत पंचवीस नळ्या आणि एक परिपत्रक:
निराधार, विधवा, दिव्यांग, सगळ्यांनी
पैसे घेण्याआधी श्वास द्यायचा.
प्रायोगिक तत्त्वावर. सध्या फक्त आमच्या गावात,
शिरोड्याच्या मिठागरांच्या जरा अलीकडे.
कागदावर तीन सिंह.
तिठ्यावरच्या देशीच्या दुकानातही तेच तीन,
परवान्याच्या फ्रेममध्ये,
उदबत्तीच्या धुरानं थोडे काळवंडलेले.

ग्रामसभेत दाजी आरोंदेकर उठून म्हणाला होता,
"सरकारचे पैशे दारूत फुकतत."
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असतील,
हात रिकामे होते.

म्हणून आता: फुंका.

मी ऑपरेटर, कंत्राटी, अकरा महिन्यांचा.
नळी लावायची, "सलग, पाच मोजेपर्यंत" म्हणायचं,
आकडा वहीत लिहायचा, नळ्यांचा हिशोब ठेवायचा.

इनास फर्नांडिस पहिला. शून्य.
त्याची घ्यायची वेळ संध्याकाळी सातची,
यंत्राची सकाळी अकराची;
दोघांची गाठ पडायचं काही कारणच नाही.
जाताना म्हणाला, "नळी घेवन जावू?
नातू साबणाचे फुगे काढतलो."

गुणाजी चोडणेकरचा आकडा मात्र हलला.
खोकल्याचं औषध. धावत घरी गेला,
बाटली घेऊन आला, उन्हात धरून दाखवली.
वहीत बाटलीला रकाना नाही.

भिवाची बायको रांगेबाहेर उभी होती,
भिवाची कुबडी हातात धरून.
माझ्या कानाशी येऊन म्हणाली,
"ह्येका नको, माका दी.
पैशे माझ्या हातात दी, मगे तो काय तां पिवांदे."
मी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं.
हिरवं बटण, लाल बटण.
तिचं बटण कुठेच नव्हतं.
भिवा त्या दिवशी कोरडा निघाला. पैसे त्यालाच मिळाले.
ती कुबडी न देता पुढे चालू लागली,
तो भिंतीला धरून मागून.

मग द्वारका रेडकर.
चाळीस वर्षं मिठागरात फावडं ओढलं,
त्याआधी आणि त्यानंतर, रोज, चूल.
तिनं नळी पदरानं पुसली,
फुंकणी धरतात तशी दोन बोटांत धरली
आणि फुंकताना डोळे मिटून घेतले.
राख उडते ना.

यंत्र म्हणालं: नमुना अपुरा.

पुन्हा. गालांत वारा भरला, ओठांशी संपला.
नमुना अपुरा.
तिसऱ्यांदा नुसता खोकला आला,
खिडकीतला कावळा उडाला.
ती खाली बसली, हसली,
"माझ्यातलो वारो सगळो लाकडांनी खाल्ल्यानी रे.
ओली लाकडा. तेंका विचार."

ही बाई आयुष्यात प्यायलेली नाही.
हे मला माहीत आहे, दाजीला माहीत आहे,
बाहेर उभ्या असलेल्या सोळा जणांना माहीत आहे.
यंत्राला माहीत नाही,
आणि सही यंत्राच्या आकड्याखाली होते.
शेऱ्यात मी लिहिलं: नमुना अपुरा. अनुदान स्थगित.
अक्षर माझं चांगलं आहे. शाळेत बक्षीस होतं.

ती विचारत होती, पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं का,
आणि तोवर काही औषध असतं का, वारा वाढायचं.

चारला कचेरी बंद केली.
काल रात्री आत्तेभावाच्या घरी बारसं होतं,
पाटल्यादारी बाटली फिरली होती, दाजीच ओतत होता.
पगार आमचाही त्याच तिजोरीतून येतो,
फक्त त्याला अनुदान म्हणत नाहीत.

पंचवीस नळ्यांपैकी सतरा वापरल्या.
खोक्यात आठ उरायला हव्यात.
सात आहेत.
आठवीचं काय झालं
ते वहीत कुठे लिहायचं, परिपत्रकात सांगितलेलं नाही.