तिकीट काढून गेलेला माणूस

देवगड बंदराच्या चढावर माझं दुकान.
रिचार्ज, कव्हर, काच बदलून मिळेल.
बोर्डावर नाही ते गिऱ्हाइकाला ठाऊक:
दहा रुपयांत एक पिक्चर,
पन्नासला कार्ड भरून.

खलाशी येतात, बर्फ चढवायच्या आधी.
आठ आठ दिवस पाण्यात, बारा वावांपुढे रेंज नाही,
जाळं सोडून झालं की चार डोकी एका फोनभोवती.
त्यांना मी चोर वाटत नाही.
इब्राहिम होडेकर तर म्हणतो,
डिझेल, बर्फ, बिस्मिल्ला आणि तुझं कार्ड,
यातलं एक नसलं तर ट्रॉलर सुटत नाही.

टॉकीजमध्ये आता आंब्याचे खोके,
पडद्याच्या जागी पेंढा.
कणकवलीला जायचं तर एसटीचं भाडं,
वर तिकीट, वर पोराचा समोसा,
शेवटची गाडी चुकली तर स्टँडवर डास.
हा हिशेब मी पाठ केलेला आहे,
कोणी विचारलं तर सांगायला.
कोणी विचारलं नाही.

त्या साली आमच्याच जेटीवर शूटिंग झालं.
एक मुलगी, कानाला हेडफोन,
लांब काठीला केसाळ माईक बांधून
पहाटे चारला ओहोटीचा आवाज धरत बसायची.
माझ्याकडून तिने एक वायर नेली
आणि पावती मागितली.
पावतीपुस्तक माझ्याकडे नव्हतंच कधी.

सुगंधा सारंग, सुकी मासळी विकते,
तिला दोन वाक्यं मिळाली.
आठशे रुपये, जेवण, लुगडं स्वतःचं.
सहा वेळा बोलून घेतलं,
सातव्यांदा ती खरंच रडली.

पिक्चर लागला शुक्रवारी,
सोमवारी माझ्याकडे.
कोणीतरी पनवेलकडे अंधारात बसून फोनवर धरलेला,
जरा तिरका, कडेला कोणाचं तरी डोकं,
गाण्यात खोकला.
आपलं गाव म्हणून लोक तुटून पडले.
तीनशे जणांना दिला मी तो.
फ्रिजचा हप्ता सुटला.

शनिवारी सुगंधामावशी आली,
हात पदराला पुसत.
"माका पण घाल रे. माका बघूचा आसा, मी कशी दिसतंय ता."
तिच्याकडून पैसे कोण घेईल?
काउंटरवरच लावला, पुढे पुढे ढकलत.

जेटी आली. टोपली आली.
तिचा हात आला, बांगड्यांसकट,
आणि पुढच्या रांगेतला एक माणूस उठला.
लघवीला असेल.
काळा, पडदाभर,
खुर्च्यांमधून वाट काढत गेला.
तो गेला तेव्हा समुद्र होता,
ती नव्हती.

"परत लाव."
परत लावला. परत तो उठला.
चार वेळा उठला.

आवाज मात्र होता.
तिची दोन वाक्यं, आणि मागे
ती पहाटे चारची ओहोटी,
माझ्या वायरीतून गेलेली.

म्हटलं, मावशी, कणकवलीला जाऊ,
मोठ्या पडद्यावर दाखवतो, खर्च माझा.
फोन केला. परवाच काढला, म्हणाले.
माणसंच नव्हती.
दुपारी पाच, रात्री दोघं.

पाच आणि दोन. तीनशे.
मी गणित केलं नाही,
ते आपलं आपण झालं.

ती थांबवलेल्या काळ्या पाठीकडे बघत होती.
"सगळ्या गावान ह्याच बघल्यान?"
ह्याच, म्हटलं.

कनवटीची दहाची नोट काढून तिने काचेवर ठेवली.
ओली होती, काचेला चिकटली.
"ह्यो कोण?"
कोण सांगणार. असेल कोणी प्रेक्षक.
"तिकीट काढून गेल्लो?"
हो, म्हटलं. तो तिकीट काढून गेलेला.
"मगे," टोपली डोक्यावर घेत ती म्हणाली,
"उठतलोच. त्याचो हक्क आसा."