जिभेची अणी

उदगीरला, चौबाऱ्यामागं, पत्र्याच्या मकतबात
सोमवार, बुधवार, शनिवार, साडेतीन ते साडेचार
मी इंग्रजी शिकवते.
पडद्याअलीकडं माझा फळा,
पलीकडं हाफिज बुऱ्हान साहेबांच्या रेहाली.
पोरं तीच. तास संपला की नुसती तोंडं फिरवतात.

यंदा कुणीतरी टॅब दिला, नाव सांगायचं नाही या अटीवर.
त्यात एक आवाज. न थकणारा, न चिडणारा,
मधेच पाणी प्यायला न उठणारा.
पोर बोलतं, तो ऐकतो,
काचेवर टक्के उमटतात.

ताहूरा अडली ती विचार करण्याच्या शब्दापाशी.
त्याचं पहिलं अक्षर आपल्या बाराखडीत बसतच नाही.
टिंक. सिंक. थिंक.
एकसष्ट. पुन्हा प्रयत्न कर.
चौपन्न. छान! पुन्हा प्रयत्न कर.
चुकतंय एवढं त्याला पक्कं कळत होतं.
जीभ कुठं ठेवायची ते कसं सांगावं त्यानं,
ज्याला जीभच नाही?

मी पुढं झाले. अठरा वर्षांची नोकरी.
थाळीतला थ लावून ठणठणीत म्हणाले, थिंक.
अठ्ठावन्न.
पोरं खाली बघून हसली.

तेव्हा पडदा हलला.
"माफ करा बाई. हा तर आमचा तीन नुक्त्यांचा सा.
जिभेची अणी वरच्या दातांच्या कडेला.
दाबायचं नाही. साय लागते जिभेला, तेवढंच.
आणि हवा जाऊ द्या."
मग पोरांकडं वळून: "तीनला अरबीत काय?"
सलासा.
"आणि बाईंच्या इंग्रजीत? बघा, तीनची सुरुवात दोन्हीकडं एकाच जागेवरनं."

ताहूरा त्र्याण्णव.
मी, शहाऐंशी.

हा आवाज त्यांना कंधारच्या उस्तादांनी दिला,
त्यांना हैदराबादच्या कुणी, त्यांना आणखी कुणी.
ते नावं मोजत गेले. बोटं संपली, नावं राहिली.
मग वाकून टॅबला विचारलं, अगदी अदबीनं,
"आपले उस्ताद कोण?"
तो म्हणाला, मी पुष्कळ मजकुरातून शिकलो आहे.
"म्हणजे गर्दीतून," हाफिजजी म्हणाले,
जत्रेत हरवलेल्या पोराबद्दल बोलावं तसं.

माझी साखळी आखूड. अहमदपूरचे गिट्टे गुरुजी,
आणि त्यांच्यामागं एक जुना शब्दकोश, पुठ्ठा निघालेला.
इंग्रज त्यांनी कधी ऐकला नाही.
कुठलंच अक्षर मुकं राहू नये म्हणून
'वेड-नेस-डे' म्हणायचे, सगळ्यांना न्याय देत.
ती चूक मी अजून मनातल्या मनात जपते.

पण हेही सांगायला हवं.
पाळीपाळीनं टॅब घरी जातो.
ताहूराची जीभ चारचौघांत अडखळते,
शब्द ओठाशी येऊन उंबऱ्यावर बसतो.
रात्री आई भांडी घासते तेव्हा
ती एकच वाक्य चाळीसदा म्हणते
आणि तो चाळीसदा ऐकतो.
मला हे जमलं नसतं.
छडी मी कधी उगारली नाही,
पण घड्याळाकडं बघितलंय.

हाफिजजींना सांगितलं हे. काही बोलले नाहीत.
पुढच्या बुधवारी बघते तर
टॅब त्यांच्याच कोपऱ्यात चार्जिंगला,
खाली स्वच्छ रुमाल.

काल सुफियाननं डबा उघडला
आणि त्याला मराठी शिकवायला घेतली.
म्हण, केळं.
केलं.
केळं!
केलं.
"पुन्हा प्रयत्न कर," अख्खा वर्ग एका सुरात.
पडद्यापलीकडून आवाज आला,
"जीभ मागं वळव रे, टाळूला लाव."
केलं, तो म्हणाला.
"काय केलं?" ताहूरानं विचारलं,
कुठंही न अडखळता.

काचेवर गोल चक्र फिरत राहिलं.
साडेचार वाजून गेले होते.