वहिवाट

व्हरमाँटच्या टेकडीवरचं हे घर घेतलं
तेव्हा वकील एका ओळीपाशी थांबून हसला:
'मयत ओबाडाया थ्रॉल याची विधवा मेहिटेबल हिला
उत्तरेची खोली, एका गाईचं दूध,
आणि स्वयंपाकघरातून विहिरीपर्यंत वहिवाट,
तहहयात.'

साल अठराशे एकतीस.
मुलाने घर विकलं तेव्हा आई आत होती.

मग क्वेबेकहून तेओफिल गान्यों आला,
नऊ पोरं आणि एक बाजाची पेटी घेऊन.
त्याच्या खरेदीखतात तीच ओळ.
मग बँक. बँकेच्याही.
मग दोघी चित्रकार बहिणी, ज्यांनी गोठा निळा रंगवला
आणि विहिरीवर लोखंडी झाकण बसवलं.
कारकून नक्कल उतरवत गेले.
ती मेली, असं कुणी लिहिलंच नाही.

गाय नाही माझ्याकडे.
उत्तरेच्या खोलीत सरपण आहे, मोडक्या स्की आहेत.
पण टेबल मी मागच्या दारासमोरून सरकवलं,
का ते नवऱ्याला सांगितलं नाही.
आणि जानेवारीत बर्फ उपसताना
फावडं रस्त्याकडे जायचं सोडून
आधी विहिरीकडे वळतं.
वाट फार मोठी नाही काढत:
एक बाई
आणि एक भरलेली बादली
जाईल एवढी.