वर्षाला एक

गिधाडं माझ्या हातून मेली
हे मला निवृत्तीनंतर तीन वर्षांनी कळलं,
ग्रामपंचायतीच्या पडवीत, चहा पिताना.
वनखात्याचा पोरगा सांगत होता:
दुखण्यावरचं ते इंजेक्शन
मेल्या ढोरातही मरत नाही,
खाणाऱ्याची मूत्रपिंडं चुन्यासारखी पांढरी होतात.

मी कप खाली ठेवला.
गुरांच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं कंपाउंडर.
सुई उकळून मीच टोचायचो.
बैल शांत व्हायचा,
मालक जाताना दोन नारळ ठेवायचा.

तेव्हा खाडीकाठच्या माडावर
त्यांचं काटक्यांचं घरटं असे.
धाकू तोडणकर तेवढा माड सोडून पाडणी करायचा.
'बाळंतीण आहे वर,' म्हणायचा.

आता त्या माडाचे नारळ पुरे उतरतात.

आणि परसामागच्या उंडीवर वाघळं.
दीडशे असतील. पूर्वी कोण मोजत होतं?
गिधाड तिथं मान घालायचं
जिथं आपण नाकाला रुमाल लावतो.
हे शहाणं फळ आधी हुंगतं,
रस पितं, चोथा थुंकतं
माझ्या पत्र्यावर, वाळत घातलेल्या पंचावर,
आणि सकाळी अंगणभर उंडीच्या बिया.
असल्याच बियांचं कडू तेल
बाप होडीच्या फळ्यांना चोळायचा.

ऊन तापलं की ते वर चढायचं,
दिवे लागले की हे सुटतं.
आकाश दोघांनी वाटून घेतलेलं,
भांडण नाही, तलाठी नाही.

प्रभावती म्हणते, कसली तुलना करत बसता?
ते मेलेलं खायचं,
हे आपलं खातंय.

खरं आहे.
पण त्या पोराच्या वहीत
दोघांच्या नावापुढं एकच आकडा होता:
वर्षाला एक.
एक अंडं.
एक पिल्लू, आईच्या पोटाला चिकटून
खाडीवरून जाणारं.

परवा शेजारचा अनंत मयेकर आला.
चिकूला जाळं लावलं, फटाके लावले, थकला.
म्हणाला, काका, दवाखान्यातलं काहीतरी असेलच,
केळ्यात घालून ठेवू.

पत्र्याचा डबा अजून माळ्यावर आहे.
मी म्हटलं, मुदत संपली.
कुणाची, ते त्यानं विचारलं नाही.

दिवेलागणीला उंडी रिकामी झाली.
सकाळी मी माझे चिकू मोजले.
सात कमी होते.