खिळ्यांचा हिशेब

पवनीची खोली सोडून चार महिने झाले.
घरमालक बावनकर म्हणतात, रंगाचे कापले.
रंग मी आले तेव्हाच पोपडे धरून होता:
निळा, खाली हिरवा, त्याखाली
कुणाच्या तरी हळदीच्या हाताचा ठसा.

मग म्हणाले, खिळे.
सहा खिळे. मोजलेत मी.
एक लसींच्या पिशवीचा, एक कॅलेंडरचा,
एक छत्रीचा. बाकीचे आधीच्या मास्तरांचे,
त्यांचेही पैसे इथेच अडकलेत म्हणतात.
तीन खिळ्यांचे नऊ हजार
कोणत्या लोहाराच्या भावानं होतात जी?

दाराची कडी मी बसवली. मोरीची जाळी माझी.
कूलरच्या पाण्यानं मागची भिंत ओलावली,
ती माझी, कबूल. तिचे कापा.

"बाई, तुमी त आमच्या घरच्याच."
नऊ हजार घेतानाही हेच म्हणाले होते,
आणि पावती मागितली तेव्हा थोडं थांबून
लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहून दिली:
मिळाले. खाली सही, लांब शेपटीची.

ती पत्रिका समोर ठेवून
ड्यूटी संपल्यावर नोटीस लिहिली. साध्या मराठीत, पंधरा दिवस.
पोस्टातला रामचंद मेश्राम वजन करता करता म्हणाला,
"यानं काई होते का जी?"
मी म्हटलं, तिकीट लाव.

आज पोचपावती आली. पैसे नाहीत.
पण सही आहे, तीच शेपटी, तोच वळसा.
पत्रिकेशेजारी ठेवून दिली.

नव्या खोलीत एकच खिळा ठोकलाय,
घरमालकिणीला विचारून.
तिनं हसत हो म्हटलं.
मी म्हटलं, मावशी, लिहून द्या.