रेघेतली फट

स्कॅनरचं झाकण उघडलं तर
काचेवर कुणाची तरी पावती चिकटलेली:
दूध, बटाटे, मांजराचं खाणं.
कर्स्टीनं ती नखानं सोलून काढली,
म्हणाली, ठेवा आता, तोंड खाली करून.

मी ठेवलं जुनं ड्यूटी-कार्ड, पाठकोरं.
त्यावर शेवटच्या थांब्यावर मिळणाऱ्या सात मिनिटांत
बॉलपेननं काढलेल्या मिसेस गेलॅटली:
टोपी, मांडीवर पिशवी,
हनुवटी कोटात खुपसलेली.

पडद्यावर आल्या त्या धुरकट.
इतकी वर्षं मी कागदाला पांढरा समजत होतो!
पांढरं काहीच नव्हतं.
चहाच्या कपाचा अर्धा गोल, घडीची सावली,
पाठीमागून डोकावणारं उलटं वेळापत्रक,
आणि एक केस. माझाच असणार,
तेव्हा होते.

कर्स्टीनं एक पट्टी सरकवली.
डाग गेले, केस गेला,
कानाच्या बाजूनं थोड्या मिसेस गेलॅटलीही गेल्या.
पट्टी मागे आणली. कान आला,
चहा पण आला.
म्हटलं, राहू दे चहा.

मग बादली.
एवढीशी, तिरकी, काठावर एक थेंब.
लाल निवडला. डाळिंबी म्हणावा असा,
मला तो कोट पक्का आठवत होता.
कोटावर टिचकी मारली मात्र,
कोट, टोपी, खिडकी, खिडकीतली टे नदी,
नदीवरचा पूल, सगळं लाल.
भरल्या मांडवात कुंकवाचा करंडा लवंडावा तसं.
मी खुर्चीतून उठलोच.
शेजारी पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यानं
चष्म्यावरून बघितलं आणि पान उलटलं.

‘रेघ कुठंतरी उघडी राहिलीय,’ कर्स्टी म्हणाली,
‘शोधा. रंग तिथून पळतोय.’

आठशे टक्के मोठं केलं.
इतक्या जवळून रेघ म्हणजे
काळ्या-करड्या चौकोनांचा मोडका जिना.
पायरी पायरी उतरत गेलो,
बाहीवरून, खांद्यावरून.

इचलकरंजीत धागा तुटला की माग थांबायचा.
अण्णा वाकून, डोळ्यांपेक्षा बोटांनीच
तुटलेलं टोक हुडकायचे,
गाठ मारली की परत खडखडाट.
इथं उलटा कारभार:
रेघ तुटली की रंग थांबतच नाही.

सापडली. कॉलरपाशी, दोन चौकोनांची फट.
आणि ती कशी पडली तेही सापडलं.
बस उभी होती, इंजिन बंद,
मला वाटत होतं, त्यांना काही कळलेलं नाही.
तेवढ्यात खिडकीबाहेर बघतच त्या म्हणाल्या,
‘नाक जरा लहान काढ हं.’
मला हसू फुटलं.
पेन उचललं गेलं ते तिथं.

मूळ चित्राला हात लावायचा नाही, कर्स्टीनं बजावलं.
वर नवा थर घ्यायचा, बटरपेपरसारखा,
काय बुजवायचं ते त्यावर बुजवायचं.
मी दोन ठिपके दिले.
पुन्हा बादली, पुन्हा टिचकी.
लाल कोटात शिरला
आणि शहाण्यासारखा कोटातच बसला.
दुपारचे साडेचार, डंडीत अंधार पडलेला,
लायब्ररीत मी एकटाच टाळी वाजवली.
बारीक.

गुरुवारी छापील प्रत दिली.
त्यांनी लांब धरली, जवळ धरली,
नाकाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.
दोन थांबे गेले.
उतरताना दांडीला धरून म्हणाल्या,
‘लाल कोट माझ्याकडे कधीच नव्हता, बाळा.
हिरवा. आजही हिरवाच आहे की.’
खरंच, अंगावर हिरवा होता.
बाटलीच्या काचेसारखा, कोपरावर विरलेला.
अकरा वर्षं आरशातून बघत होतो मी त्याला.

घरी येऊन, जेवणसुद्धा न करता, हिरवा भरला.
या खेपेला कुठून गळला नाही.
फाईलला नाव दिलं ‘शेवटचं’,
मग ‘शेवटचं दोन’.

लाल पुसायचा राहिला.
थरांच्या यादीत प्रत्येक थरापुढे
एक बारकासा डोळा असतो, उघडा.
टिचकी मारली की मिटतो.
लाल आहे तिथंच, हिरव्याच्या खाली,
डोळा मिटून.